कॅमेरा विहिरीत सोडायचा आहे

११ फेब्रु., मंगळ.

आजही तेच. सकाळची माझी पाळी. लाइट वेळेवर आली, मोटार चालू केली, कांद्याच्या चार सऱ्या भिजल्या आणि मोटार उघडी पडली. काल संध्याकाळी वाकून बघितलं होतं तेव्हा पाणी मोटारीच्या चांगलं वर होतं. मग प्यालं कुणी? दादाची मोटार बंद होती, हे मान्य. त्याची मोटार बंद असते आणि त्याचा ऊस हिरवागार असतो.

(दादा हा शब्द इथून पुढे दा. सख्खा भाऊ असला तरी पूर्ण लिहायला हात वळत नाही.)

दा.नं गेल्या वर्षी बांधापलीकडे स्वतःची विहीर पाडली, आमच्या सामाईक विहिरीपेक्षा खोल. पाडली तर पाडली. पण तेव्हापासून जुनीचं पाणी आपोआप खाली जातं आणि नवीचं हलत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. नवीतून जुनीच्या पोटात आडवं बोअर मारलंय. भोक पाण्याखाली, म्हणून वरून कुणाला दिसत नाही.

तोंडावर विचारलं. दा. म्हणाला, "भोक? दाव की मंग."

दावते.

१२ फेब्रु.

सरकारी कार्यालयात जाऊन आले. साहेब सभ्य होता. "ताई, पुरावा आणा, मग पाहणी लावू." पाण्याखालचा पुरावा आणायचा कसा? दोघांच्या मोटारी एकाच पातळीवर सोडायच्या असं वाटणीत ठरलंय, म्हणजे विहीर तळापर्यंत उपसता येत नाही. गावात पोहणारे रग्गड, पण सख्ख्या भावंडांच्या भांडणात बुडी मारायला कोण येतो? एकाला विचारलं. म्हणाला, "ताई, म्या तुमच्या लग्नाला बी आल्तो आन् दादाच्या बी. मला ह्यात नका घालू."

माझं लग्न मोडून बारा वर्षं झाली, तरी जेवल्याची आठवण लोकांना आहे.

१३ फेब्रु.

दुपारी कापूरहोळला माझ्या फोटो स्टुडिओत वेल्ह्याचं गिऱ्हाईक. मुलगा-मुलगी दोघंही. लग्नाआधीचं शूटिंग पाहिजे, धरणाच्या पाण्यात, पाण्याखाली एकमेकांचा हात धरून.

"मुलीला पोहता येतं?"

"न्हाई."

"तुम्हाला?"

"तसं थोडं."

लग्नाआधीच बुडायची घाई. मी हो म्हणाले. कारण त्यांच्याशी बोलता बोलता डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. वरातीत डोक्यावर बांधायचा छोटा कॅमेरा माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. एका वरातीत आपटल्यापासून त्याचं बाजूचं झाकण घट्ट बसत नाही, नुसता पाण्यात घातला तर मरेल. पण वॉटरप्रूफ डबी मिळाली तर? दोराला बांधून सोडायचा, गरागरा फिरवायचा, वर ओढायचा. गिऱ्हाईक वेल्ह्याचं, शूटिंग आमच्या किकवीच्या विहिरीचं.

रात्री आनंदानं झोप लागली नाही. किती दिवसांनी.

१५ फेब्रु., शनि.

पुण्यात. दुकानदार डबीला 'हाउसिंग' म्हणतो. त्यानं तीन काढून ठेवल्या.

पहिली: कॅमेऱ्याच्याच कंपनीची, जाड. माझं मॉडेल जुनं, म्हणून ती बसत नाही. मग काढली कशाला? "दाखवायला." धन्य.

दुसरी: मागच्या दाराला पातळ पडदा, पाण्यात असतानाही बोटानं स्क्रीन चालते. दुकानदार हिच्या प्रेमात. खोक्यावर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं की ही फार खोल न्यायची नाही, पडदा आत दबतो. मी वाचून दाखवलं तेव्हा म्हणाला, "म्याडम, एवढ्या खोल जातं कोण?"

तिसरी: दुसऱ्या कुणीतरी बनवलेली नक्कल, पण मागचं दार पूर्ण बंद, बटणं मोठी, चाप कडक, रबराची रिंग जाड. वर लाल काच फुकट. समुद्रात सगळं निळं पडतं म्हणे, लाल काचेनं रंग परत येतो.

"मला विहिरीत सोडायचाय."

"विहिरीत काय आहे?"

"माझा भाऊ."

तो दोन पावलं मागे सरकला. घेतली नाही, विचार करते म्हणून आले. एसटीत बसल्यावर वाटलं, उगाच आले.

१६ फेब्रु., रवि.

आई सकाळी माझ्याकडे जेवते, संध्याकाळी दा.कडे. पाण्याची वाटणी झाली तशीच तिची. ती स्वतःच बोलली होती तेव्हा, "आसंच ऱ्हाऊ द्या."

भाताला कुकर लावत होती. रिंग उजेडात धरून बघितली, नखानं एक वाळलेलं शीत काढलं. "येवढं एक शीत आसलं तरी वाफ धरत न्हाई." मग मला, सहज विचारल्यासारखं, "आन् त्या डबीचं काय ठरलं?"

मी तिला तिन्ही डब्या समजावल्या. तिनं सगळं ऐकलं. पडदा कशानं दबतो, रिंग कशाला असते, सगळं. मग म्हणाली, "दिसलं तर मंग काय करशील?"

"तक्रार करीन."

"आन् न्हाई दिसलं तर?"

"दिसणार."

"दिसलेलं परत पुसता येत न्हाई, शैला."

मला राग आला. चोरी त्याची आणि शहाणपण मला! पानावरून उठले. भात चांगला झाला होता.

१९ फेब्रु.

सासवडच्या एका फोटोग्राफर मैत्रिणीला फोन. ती समुद्रात जाऊन आलेली. तिचं म्हणणं: पडदेवाली अजिबात नको, विहिरीचं पाणी खोल असतं तेवढंच गार असतं. बंद दाराची घे. आत चपला-बुटांच्या खोक्यातल्या त्या बारक्या पुड्या टाक, म्हणजे काचेवर वाफ धरणार नाही. कॅमेरा आधी माठाशेजारी ठेवून गार कर. उजेडाची बॅटरी लेन्सशेजारी बांधू नकोस, लांब बांध, नाहीतर गढूळ पाण्यातला कचराच चमकतो. आणि पहिल्यांदा रिकामी डबी बुडवून बघ.

म्हणजे तिसरी. लाल काचवाली. परत पुण्याची फेरी. आळस नडला की असा दोनदा नडतो.

२० फेब्रु.

डबी आणली. लाल काच दुकानदारालाच परत देत होते, त्यानं घेतली नाही. ड्रॉवरमध्ये पडली आहे.

परतताना बांधावर दा. भेटला. बातमी पोचली होती. आई संध्याकाळी तिकडे जेवते, दुसरं कोण पोचवणार.

"लग्नं सोडून आता हिरीचं शूटिंग व्हय? नवरी कोन, बेडकी?"

वहिनी गोठ्यातून हसली, मला ऐकू येईल इतकं.

मी म्हणाले, "पाळी माझी असेल त्या दिवशी सोडणार. तू बघायला ये."

"येतो की. नारळ आनू?"

हसत होता, पण हातातलं खुरपं एका हातातून दुसऱ्या हातात, परत पहिल्या. मी लहानपणापासून ओळखते त्याला. घाबरला की हात स्थिर राहत नाहीत. म्हणजे आहे. भोक आहे. मला आता कॅमेराही नको इतकी खात्री आहे, पण साहेबाला खात्री चालत नाही.

२१ फेब्रु.

रिकाम्या डबीत कागदी रुमाल घडी करून घातला, दोन किलोचं लोखंडी माप बांधलं आणि गोठ्यामागच्या हौदात बुडवून ठेवली. दुपारभर. काढून पुसली, उघडली. रुमाल कोरडा ठणठणीत. गालाला लावून बघितला.

आई शेजारी उभी. "कोरडा हाय?" तिनंही हात लावून बघितला.

पहिल्यांदा वाटलं ती माझ्या बाजूची आहे.

२३ फेब्रु., रवि.

सत्यानाश.

सगळं नीट केलं होतं. दुपारची वेळ धरली, तेव्हाच ऊन विहिरीत सरळ उतरतं. कॅमेरा माठाशेजारून उचलला, डबीत बसवला, पुड्या टाकल्या. दार उघडंच होतं. तेवढ्यात आई ताट घेऊन आली. हळद, कुंकू, अक्षता.

"नवी वस्तू हाय. तशीच पान्यात घालती व्हय?"

मोटारीची पूजा झाली होती, स्कूटरची झाली, मिक्सरचीही झाली. नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. मी बॅटरी बांबूला बांधायला बाहेर गेले, परत आले तेव्हा ती डबीला कुंकू लावून अक्षता टाकून हात जोडून उभी होती. मीपण जोडले. वरच्या अक्षता फुंकल्या, दार लावलं, चाप दाबला. कट्ट वाजला.

दा. त्याच्या विहिरीच्या काठावर बसून तंबाखू मळत होता. दोर सोडत गेले. बांबूनं फिरवत गेले. ओढून वर काढली तर डबीत अर्धं पाणी. गुलाबी पाणी. लग्नात पाहुण्यांना देतात त्या सरबतासारखं.

दा. उठला, तंबाखू थुंकला, गेला. हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

२४ फेब्रु.

कॅमेरा गेला. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता, फरक नाही. कार्ड मात्र चाललं.

स्टुडिओत एकटीनं बघितलं. आधी घडीव दगड, दगडांतली झुडपं, एक विरोळा, पाण्यातला साप, सळकन बाजूला. मग मुरूम. उजेड हिरवा. मग माझी मोटार, दा.ची मोटार, दोन्ही एका पातळीवर. त्यांच्या खाली अंधार, बॅटरीचा गोल. गोल हळूहळू बांधाच्या बाजूला वळायला लागला आणि काचेच्या कोपऱ्यातून लाल धूर आला. कुंकू. पसरत पसरत सगळं लाल. त्यापुढे काही नाही.

लाल काच नको म्हणाले होते ना.

डबी उघडून तपासली तर रिंगेच्या खाचेत एक अक्षत. हळदीत माखलेला दाणा. तेवढ्यावरून पाणी शिरलं.

२६ फेब्रु. महाशिवरात्र.

उपास. आईनं भगर केली. मी दाणा तिच्या पानाशेजारी ठेवला.

"हा. ह्यानं माझा कॅमेरा मेला."

तिनं बघितला. "मला काय ठावं त्या रबराचं? म्या आपली पूजा केली."

मी बोलले. खूप बोलले. देव, पूजा, तुमचं हे सगळं, यानंच वाटोळं झालंय आपलं, असंही बोलले. ती मान खाली घालून भगर चिवडत राहिली. एवढी म्हातारी बाई आणि मी अशी बोलले. वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही. कांद्याच्या पाती शेंड्याला पिवळ्या पडल्यात. माफीनं त्या हिरव्या होणार नाहीत.

१ मार्च, शनि.

आज कुकरची शिटी होईना. झाकणाच्या कडेनं वाफ. आई आली, गॅस बंद केला, झाकण काढलं, रिंग काढून खाचेत बोट फिरवलं, शीत काढून टाकलं, परत लावली. शिटी झाली. सगळं न बघता, माझ्याशी उसाच्या तोडणीबद्दल बोलत बोलत.

शिवरात्रीला हीच म्हणाली होती:

मला काय ठावं त्या रबराचं.

आणि दुसरं. उधळलेली अक्षत रिंगेच्या वर पडेल. वरच्या सगळ्या मी फुंकल्या होत्या. हा दाणा रिंगेच्या खाली होता. खाली जायला रिंग उचलावी लागते.

२ मार्च

विचारलं नाही. विचारून काय मिळणार. मी तिच्या हातचं खाल्लं नाही, ती ताट झाकून ठेवून गेली.

दा.चा राग येतो तो सरळ असतो, दगड मारावासा वाटतो. हा राग ठेवायचा कुठं ते कळत नाही. मला आईचा राग येतोय. लिहिलं एकदाचं.

५ मार्च

वेल्ह्याच्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, पाण्याखालचं जमणार नाही. मुलगी म्हणाली, "बरं झालं ताई, मला भ्याच वाटत व्हतं." काठावर बसवून फोटो काढायचे ठरले.

भोरच्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून त्याचा कॅमेरा मागून आणला, माझंच मॉडेल. डबी नवी घ्यावी का यावर दोन दिवस घोळ. पडदेवाली नाही, ते नक्की. मैत्रीण म्हणते दुप्पट रिंगेची एक मिळते. पण मी आहे हीच ठेवली, नुसती रिंग नवी मागवली. डबीचा दोष नव्हता. तिनं तिचं काम केलं असतं. हौदात परत बुडवली, रुमाल परत कोरडा. या वेळी आईला हात लावू दिला नाही.

८ मार्च

शेवटी विचारलंच. भांडी घासत होती. मी म्हणाले, "रिंग उचलून घातलास ना दाणा?"

पाणी तसंच चालू ठेवलं तिनं.

"गेल्या साली मी वेल्ह्याला लग्नाच्या शूटिंगला दोन दिवस होते. तेव्हा मारलं ना बोअर? बोअरवाल्यांना चहा कुणी केला?"

तिनं नळ बंद केला. हात पदराला पुसले. म्हणाली, "तू त्याला कोर्टात नेशील. तो तुजं तोंड बघायचा न्हाई, तू त्याचं. मंग म्या सांजच्याला कुठं जेवू?"

"माझ्याकडे जेव! दोन्ही वेळा जेव!"

"आन् तो?"

"तो चोर आहे, आई."

"चोर हाय म्हनून प्वॉर न्हाई व्हय?"

मी आरडाओरडा केला. माझे कांदे वाळतायत ते तिला दिसत नाहीत का? मी पोर नाही का? वाटणीच्या वेळी हक्क सोडून दे म्हणून सगळे मागे लागले होते, तेव्हाही ती अशीच गप्प होती. तिचं गप्प राहणं नेहमी त्याच्याच शेतात जातं. हे म्हणाले तिला. असंच, याच शब्दांत.

ती संध्याकाळी दा.कडे गेली नाही. माझ्याकडेही जेवली नाही.

९ मार्च, रवि.

सकाळी आली. उपाशी. भाकरी केली, दोघींनी खाल्ली. उठताना म्हणाली, "उद्या पाळी तुजी हाय ना? म्या येते हिरीवर."

"पूजा नको."

"न्हाई आनत ताट."

१० मार्च, सोम.

विहिरीच्या काठावर बसून लिहितेय. हात दुसरं काही करायला तयार नाहीत.

दुपार. ऊन आत सरळ उतरलंय. मोटारीखालीसुद्धा हिरवा उजेड दिसतोय, बॅटरी लागायचीही नाही कदाचित. पलीकडे दा. उभा. आज तंबाखू नाही. वहिनी त्याच्या मागे.

आई आली, रिकाम्या हातानं. माझ्याशेजारी दगडावर बसली. कॅमेरा डबीत बसवून झाला होता, दार उघडं. तिनं डबी माझ्या हातातून घेतली. मी दिली, का दिली कोण जाणे. तिनं रिंग काढली. उजेडात धरली, फिरवून बघितली. पदराच्या टोकानं खाच पुसली, कुकरची पुसते तशी, सगळीकडून. रिंग बसवली, बोटानं दाबत गेली. दा. पलीकडून म्हणाला, "आई, घरला चल." तिनं वर बघितलं नाही. दार लावलं. चाप तिच्यानं लागेना, दोन्ही अंगठे लावले. कट्ट.

माझ्या मांडीवर ठेवली. "सोड."

रिंग बसवताना तिची पाठ उन्हाकडे होती. खाचेवर सावली. मला तिची बोटं दिसत होती, बोटांखालचं दिसत नव्हतं.

आता डबी मांडीवर आहे. चाप उघडून एकदा खाचेत बघायला कितीसा वेळ लागतो. पण उघडली तर ती उठेल, आणि मग सकाळचीसुद्धा माझ्याकडे यायची नाही, हे मला पक्कं माहीत आहे. न बघता सोडली आणि परत गुलाबी पाणी आलं, तर लोकाचा कॅमेरा, माझे कांदे, आणि त्याहून

ती दा.कडे बघत नाही. डबीकडे नाही. माझ्या हाताकडे बघतेय.

"लिवतीस काय?" म्हणते. "ऊन कललं की आत काय दिसायचं न्हाई."